दिव्यांग बालकांचे शिक्षण आणि कायदा
लेखांक ६ : घरी शिकण्याचा हक्क

दिव्यांगत्वाचा दाखला व वैश्विक ओळखपत्र कसे मिळवावे, याचा विचार आपण मागील लेखांकात केला. दाखला हाती आल्यावर पुष्कळ आईबापांच्या मनात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, ज्या मुलाला खुर्चीत नीट बसवायलाही दोन माणसे लागतात, किंवा वर्गातला कोलाहल सहन न होऊन जे मूल कान झाकून भिंतीशी जाऊन बसते, त्याला शाळेत धाडलेच पाहिजे काय. आणि घरी शिकवले तर ते कायद्याला मंजूर होईल काय?

२००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क संविधानात समाविष्ट झाले आणि त्याच्या पूर्ततेसाठी संमत झालेला शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत मोफत शिक्षण मिळावे, ही त्याची मुख्य तरतूद. आणि मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम १० सांगते. परंतु ज्यांचे शरीर शाळेच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, अशा मुलांचे काय, याचे उत्तर मूळ कायद्यात नव्हते. ते २०१२ च्या दुरुस्तीने दिले. कलम ३ ला जोडलेल्या परंतुकान्वये बहुविकलांग आणि तीव्र विकलांग बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. या दोन्ही संज्ञांचा अर्थ १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून घ्यावयाचा असतो : एकाहून अधिक विकलांगता एकत्र असणे ही बहुविकलांगता, आणि तीव्रतेसाठी मर्यादा ८० टक्के किंवा त्याहून अधिक. म्हणून दाखल्यावरील टक्केवारी व निदान यांचा मजकूर पालकांनी बारकाईने वाचून ठेवावा.

यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. ४० टक्के अथवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क त्याच्या कलम ३१ ने दिला, आणि अशा मुलांना पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य व साहाय्यक साधने अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी कलम १७ ने शासनावर टाकली. ज्याचे दिव्यांगत्व ८० टक्क्यांहून कमी आहे आणि एकाच प्रकारचे आहे, त्याला शिक्षणहक्क कायद्यातील परंतुकाचा आधार मिळत नाही. तथापि असे मूल घरी शिकविणाऱ्या पालकाला दंड करणारे कलम शिक्षणहक्क कायद्यात नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता या लेखांकातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परंतुकाने जो हक्क दिला तो बालकाला दिला आहे, शाळेला नव्हे. ‘तुमच्या मुलाला घरीच ठेवा, तेच त्याच्या हिताचे,’ असे सांगून एखादा मुख्याध्यापक प्रवेश नाकारू लागला, तर तो कायद्याचा अर्थच उलटा करीत असतो. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव नजीकच्या शाळेच्या पटावर असावे, पाठ्यपुस्तके त्याच्यापर्यंत यावीत आणि गटसाधन केंद्राकडील विशेष शिक्षकाने घरी येऊन त्याला शिकवावे, अशीच गृहाधारित शिक्षणाची रीत आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, आणि मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता मिळतो.

विशेष शिक्षकाची गृहभेट म्हणजे केवळ हजेरीची सही नव्हे. मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठरलेल्या मुलीला तो प्रथम आधाराच्या खुर्चीत सरळ बसवितो, जाड मुठीचा चमचा तिच्या हाती देतो, वाटीतल्या शेंगदाण्यांपैकी तीन दाणे वेगळे काढायला सांगतो. त्या एका कृतीत बोटांचा व्यायामही होतो आणि गणितही. नंतर तो वहीत लिहितो : ‘तीन दाणे मोजले, तिसऱ्या वेळी मदतीविना.’ वैयक्तिक शैक्षणिक आराखडा याच नोंदींतून घडतो. ही वही पालकांनी दाखल्याइतकीच जपावी, कारण मूल खरोखर शिकत आहे याचा तो लेखी पुरावा होय.

परीक्षेचा मार्गही बंद नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी यांच्या समकक्ष आहेत. दहावीसाठी तेथे किमान वय चौदा वर्षे लागते. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळाची सोय आहे, आणि राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही परीक्षेस बसता येते.

अर्ज मात्र नेहमी लेखी असावा. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करावा, दाखल्याची नक्कल जोडावी, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी आणि दोन्हीकडून तारखेसह पोच घ्यावी. दाद न लागल्यास शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद वा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांच्या मुदतीत व्हावा लागतो, आणि त्यावरील अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे चालते. दिव्यांग कायद्याखालील तक्रारींसाठी पुण्याचे दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे.

शासनाने देऊ केलेला हा हक्क मागितल्याखेरीज घरापर्यंत चालत येत नाही, हा आजवरचा अनुभव. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी या आठवड्यातच जवळच्या शाळेत जाऊन आपल्या मुलाचे नाव पटावर आहे की नाही हे पाहावे. आणि नसल्यास त्याच दिवशी अर्ज द्यावा.

(पुढील लेखांकात : लेखनिक, वाढीव वेळ व परीक्षेतील अन्य सवलती.)