इलेक्ट्रिक गाडीचं साल: किती मोजायचं, किती सोडायचं

दिवाळी पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा खरा, पण वाहनखरेदीत त्याचा मान पुऱ्या मुहूर्ताइतकाच. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावात केळीचा किंवा सोयाबीनचा पैसा हाती आला की मंडळी गाडी बघायला नांदेड गाठतात, आणि तिथं दरवर्षी तोच पेच पुढे येतो. पाडव्याला गाडी घ्यावी तर दोन-अडीच महिन्यांत साल बदलतं आणि आरसीवर आधीचं साल कायमचं राहतं. थांबावं तर मुहूर्तही जातो आणि सणाची सूटही. त्यात शोरूमवाला हळूच सांगतो की मागच्या सालची एक गाडी शिल्लक आहे, लाखभर कमी करून देतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीपुरतं या पेचाचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं होतं: विकताना पहिला प्रश्न ‘कितीचं मॉडेल?’ हाच येणार, म्हणून नवं साल बघून घ्या. हेच उत्तर इलेक्ट्रिक गाडीला जसंच्या तसं लावलं तर हिशेब चुकतो. तिच्या बाबतीत साल दुय्यम ठरतं. बॅटरी पॅक कोणता, गाडी बनून किती महिने झाले आणि त्याबदल्यात किती पैसे सुटले, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत.

आधी आपल्याकडचा नियम स्पष्ट करू. अमेरिकेत ‘मॉडेल इयर’ कंपनी ठरवते. २०२६चं मॉडेल तिथं २०२५मध्येच सर्रास विकलं जातं. इंटरनेटवरची तिकडची परीक्षणं बघून आपल्याकडेही तसंच असेल असा समज होतो. भारतात मात्र गाडी ज्या महिन्यात कारखान्यात तयार झाली तो महिना आणि साल आरसीवर येतं, पासिंग केव्हाही झालेलं असो. त्यामुळे डिसेंबरात बनलेली आणि जानेवारीत बनलेली गाडी एकाच साच्यातून, चार आठवड्यांच्या अंतराने निघालेली असली तरी कागदावर त्यांच्यात एक वर्षाचं अंतर पडतं. पेट्रोल गाड्यांत हे फारसं खटकत नव्हतं. एकच इंजिन पाच-सात वर्षं तसंच चालायचं, दोन गाड्यांत फरक असलाच तर वयाचा असायचा आणि ते वय सालावरून कळायचं. इलेक्ट्रिक गाडीत तंत्र इतक्या झपाट्याने बदलतं आहे की एकाच सालच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि दोन वेगळ्या सालांच्या गाड्या अगदी सारख्या असू शकतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसणारी टाटाची नेक्सॉन ईव्ही. ती जानेवारी २०२०मध्ये ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन आली. मे २०२२मध्ये ४०.५ किलोवॅट-तासांची ‘मॅक्स’ आली, पण जुनी बंद झाली नाही. दोन्ही शेजारी-शेजारी विकल्या जात होत्या. सप्टेंबर २०२३मध्ये गाडीचं रूप आणि मोटर बदलली, २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ४५ किलोवॅट-तासांचा पॅक आला. म्हणजे ‘२०२२ची नेक्सॉन’ किंवा ‘२०२४ची नेक्सॉन’ एवढंच सांगितलं तर गाडी नेमकी कोणती हे कळतच नाही. एमजीच्या विंडसरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये ती ३८ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन बाजारात आली आणि आठ महिन्यांत, मे २०२५मध्ये, ५२.९ किलोवॅट-तासांची ‘विंडसर प्रो’ हजर झाली. कंपनीने सांगितलेली रेंज ३३२ किलोमीटरवरून ४४९वर गेली. जानेवारी २०२५मध्ये बनलेली विंडसर आणि मे २०२५मध्ये बनलेली विंडसर प्रो यांचं आरसीवरचं साल एकच, पण एका चार्जमध्ये होणारा प्रवास शंभरावर किलोमीटरनी वेगळा.

किमतीचंही तसंच. फेब्रुवारी २०२४मध्ये टाटाने बॅटरी सेल स्वस्त झाल्याचं कारण देत नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२० लाखांपर्यंत कमी केली आणि सप्टेंबरात सणाच्या मोसमासाठी काही व्हेरिएंटवर तीन लाखांपर्यंत. ऑगस्टात आणि सप्टेंबरात घेतलेल्या एकाच सालच्या गाड्यांमध्ये एवढा फरक पडला. जुन्या सालावर लाखभराची सूट ऐकून हुरळून जाण्याआधी त्या व्हेरिएंटची आजची यादीतली किंमत बघावी ती यासाठीच. पुष्कळदा कंपनीनेच उतरवलेली किंमत ‘खास तुमच्यासाठीची सूट’ म्हणून पुढे येते.

आता मराठवाड्यातल्या माणसाच्या मनातली खरी धास्ती: ऊन. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा यार्डात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी न वापरताच म्हातारी होत नाही का? होते. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिची क्षमता घटते. उष्णता जास्त आणि चार्ज पूर्ण भरलेला, तर अधिकच. अमेरिकेतल्या ॲरिझोना या तापत्या राज्यात निसान लीफच्या पहिल्या गाड्यांची क्षमता दीड-दोन वर्षांतच घसरल्याच्या तक्रारी २०१२मध्ये गाजल्या. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवरूप कूलिंग नव्हतं. निसानला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली आणि २०१५च्या मॉडेलपासून उष्णता अधिक सोसणारी बॅटरी आली. लीफच्या बाबतीत साल महत्त्वाचं होतं, हे मान्यच. पण बॅटरीची घडण बदलली म्हणून ते महत्त्वाचं झालं होतं. नेक्सॉन ईव्हीत तर २०२०च्या पहिल्या गाडीपासूनच द्रवरूप कूलिंग आहे. तेव्हा विचारायचं ते हे: कूलिंग कोणतं आणि सेलचं रसायन कोणतं? आपल्याकडे रुळलेल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल उष्णतेत तुलनेने सुरक्षित मानल्या जातात.

पडून राहण्याचा तोटा आकड्यांत मांडला की धास्ती आपल्या जागी बसते. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात वापरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्के घटल्याचं दिसलं. आपलं ऊन लक्षात घेऊन ती घट दुप्पट धरली, तरी ३५० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत एका वर्षाचे बारा-तेरा किलोमीटर जातात. उलट ३० ऐवजी ४५ किलोवॅट-तासांचा पॅक घेतला तर मिळणारा फरक सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. नेक्सॉनच्या ४५च्या पॅकची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर असली तरी प्रत्यक्षात ३५० ते ३७० मिळेल असं कंपनी स्वतःच सांगते. अर्धापूरहून नांदेड, लोहा, अहमदपूर करत लातूरला जायचं तर एकेरी अंतर दीडशेच्या वर. ४५च्या पॅकवर वाटेत न थांबता परत येणं शक्य आहे, ३०च्या पॅकवर नाही. साल एक वर्षाने मागचं असलं काय किंवा पुढचं असलं काय, हा फरक बदलत नाही.

वॉरंटीही सालापेक्षा पॅकमागेच जाते. २०२५मध्ये टाटाने नेक्सॉनच्या ४५च्या पॅकला खासगी वापराच्या पहिल्या मालकासाठी ‘लाइफटाइम’, म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं, बॅटरी वॉरंटी जाहीर केली आणि आधी ती गाडी घेतलेल्यांनाही दिली. २०२४मध्ये ४५ घेणारा त्यात आला. २०२५मध्ये ३० घेणारा आला नाही, त्याच्याकडे आठ वर्षं किंवा १.६० लाख किलोमीटरची वॉरंटी राहिली. वॉरंटी नोंदणीपासून मोजली जात असल्याने यार्डातले महिने त्यातून वजा होत नाहीत, ही बाब ग्राहकाच्या फायद्याची आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो विक्रीचा. पॅक वगैरे ठीक, पण उद्या गाडी विकताना दलाल सालच विचारणार. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याची किंमत काढता येते. विम्याच्या जुन्या प्रस्थापित कोष्टकात गाडीची किंमत दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घटलेली धरतात, म्हणजे वर्षाला साधारण १० टक्के. बाजार या कोष्टकाने चालत नाही, तरी अंदाजाला ते पुरतं. पंधरा लाखांची गाडी तीन-चार वर्षांत विकायची असेल तर मागचं साल दीड लाखाला पडतं. तेवढी सूट मिळत नसेल तर नवं साल घ्यावं. दहा-बारा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला मात्र शेवटी त्या एका सालाने फारसं काही जात नाही. त्याने तेच पैसे मोठ्या पॅकवर घालावेत. शिवाय जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजारात पॅकचा आकार, उरलेली वॉरंटी आणि बॅटरीची तब्येत यांना सालाइतकंच वजन येणं अटळ आहे.

दुसरा आक्षेप असा: बदल एवढा झपाट्याने होत असेल तर थांबलेलंच बरं. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०२३मध्ये किलोवॅट-तासामागे १३९ डॉलर होती, २०२४मध्ये ११५वर आली. पण त्याच पाहणीत २०२२मध्ये किंमत आधीच्या वर्षापेक्षा वाढली होती. उतार सरळ रेषेत येत नाही. आणि थांबणंही फुकट नसतं. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि महिन्याला दीड हजार किलोमीटर धरा. घरच्या विजेचा खर्च किलोमीटरला अडीच रुपये धरला तरी महिन्याला पावणेसात हजार, वर्षाला ८१ हजार रुपये वाचतात. ज्याचं रोज अर्धापूर-नांदेड जाणं-येणं आहे त्याला वर्षभर थांबून मिळणारी नवलाई एवढ्याला पडते. ज्याची गाडी महिन्यातून चारदाच निघते त्याने खुशाल थांबावं.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा: नवी तेवढी निर्धोक. हे अंशतः खरं आहे. भारतात चारचाकींच्या बॅटरीसाठीचे कडक केलेले नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी बनलेली गाडी घेताना ही तारीख जरूर बघावी. पण सदोष सेल नव्या गाडीतही निघू शकतात. ह्युंदाईने भारतात ४५६ कोना गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या त्या १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या; दोष सालाचा नव्हता, उत्पादनाच्या कालखंडाचा होता. अमेरिकेत शेवरले बोल्टच्या परत मागवलेल्या गाड्यांत २०१७च्या होत्या तशा २०२२च्याही होत्या. म्हणून साल बघून निर्धास्त होण्यापेक्षा चेसिस नंबरवरून ती गाडी अशा एखाद्या मोहिमेत येते का, हे विचारलेलं चांगलं.

हे सगळं शोरूममध्ये तपासायला वेळ लागत नाही. बुकिंगचे पैसे देण्याआधी नेमक्या त्याच गाडीचा चेसिस नंबर मागावा. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात बहुतेक कंपन्या दहावं अक्षर सालासाठी वापरतात: २०२४ला आर, २०२५ला एस, २०२६ला टी. बनल्याचा महिना लेखी घ्यावा. टायरवरचे चार आकडेही बघावेत. ‘३२२४’ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. गाडी चार-सहा महिने उभी असेल तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलून मागावी, मुख्य बॅटरीचा तपासणी अहवाल मागावा आणि सॉफ्टवेअर ताजं करून घ्यावं. सॉफ्टवेअरने स्क्रीन बदलते, कधी रेंजचा अंदाज सुधारतो. ३०चा पॅक मात्र कोणत्याही अपडेटने ४५चा होत नाही.

हिशेबाची वजाबाकी अशी: पॅक तोच असेल, गाडी बनून सहा महिन्यांच्या आत असेल, तर पाडव्याला डोळे झाकून घ्यावी, जानेवारीची वाट बघण्यात अर्थ नाही. पॅक तोच पण गाडी वर्षभराची असेल, तर आपण ती किती वर्षं ठेवणार त्यावरून सूट मागावी. पॅकच जुना आणि लहान असेल, तर सूट कितीही गोड वाटली तरी आधी आपला लांबचा नेहमीचा प्रवास मोजावा आणि तो बसत नसेल तर उठून यावं. एवढं ठरल्यावर साल विचारायचं, आणि तेही घासाघीस करायला.