चित्रफितीतून शिरकाव

कॅलिफोर्नियातला एक माणूस कित्येक वर्षे समाजमाध्यमांवरून अल्पवयीन मुलींना धमकावत होता. अमेरिकी तपास यंत्रणा मागावर होती, पण तो हाती लागत नव्हता. कारण तो ‘टेल्स’ ही प्रणाली वापरत असे. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालते, इंटरनेटवरची सगळी ये-जा ‘टॉर’च्या जाळ्यातून वळवते आणि संगणक बंद केला की झालेले सगळे विसरून जाते. २०१७ साली तो पकडला गेला, तो एका व्हिडिओमुळे. एका पीडित मुलीच्या मदतीने एफबीआयने त्याला मुद्दाम तयार केलेली चित्रफीत पाठवली. त्याने ती उघडली आणि त्याच्या इंटरनेट जोडणीचा खरा पत्ता उघड झाला. या सापळ्यासाठी फेसबुकने एका सुरक्षा कंपनीला पैसे मोजले होते, हे २०२० मध्ये बातम्यांतून बाहेर आले. टेल्स बनवणाऱ्यांना मात्र कोणी काही सांगितले नव्हते.

तो गजाआड गेला याचे वाईट कोणाला वाटणार? पण तीच प्रणाली पत्रकार वापरतात, घरातल्या छळापासून लपलेल्या स्त्रिया वापरतात. भोक सगळ्यांसाठी सारखेच होते. ते टॉरमध्ये नव्हते, व्हिडिओ दाखवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये होते.

असे का होते, हे शरीराच्या उदाहरणाने पटकन कळते. त्वचा शाबूत असली तरी अन्न तोंडावाटे आत घ्यावेच लागते, आणि पटकीचा जंतू नेमका त्याच वाटेने येतो. व्हिडिओची फाइलही बाहेरून आलेले, न शिजवलेले अन्नच. तिच्यात चित्र वेगळ्या पद्धतीने दाबून भरलेले असते, आवाज वेगळ्या, उपशीर्षके आणखी वेगळ्या. पुढचा तुकडा किती लांबीचा आहे हे फाइल स्वतःच सांगते. प्लेअरने त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला, तर नेमलेल्या जागेबाहेर मजकूर सांडतो आणि त्यातून परका हुकूम चालवता येतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनच्या ‘स्टेजफ्राइट’ या भागात असाच दोष सापडला. काही फोनवर नुसता व्हिडिओचा संदेश येऊन पडणेही पुरेसे होते, तो उघडायचीही गरज नव्हती.

म्हणून अशा प्रणालीवर प्लेअर कुठून आणला, कुठे ठेवला आणि कधी अद्ययावत केला, हे तिन्ही पाहावे लागते. टेल्समध्ये एक प्लेअर आधीपासून असतो. व्हीएलसीसारखा दुसरा हवा असेल तर सुरू होतानाच्या पडद्यावर कायमस्वरूपी साठ्याचे कुलूप उघडायचे, प्रशासकाचा पासवर्ड ठरवायचा, टॉरला जोडून घ्यायचे आणि मग डेबियनच्या भांडारातून व्हीएलसी घ्यायचा. या भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि ती संगणक स्वतः तपासतो. बसवून झाले की टेल्स विचारते, एकदाच हवा की दर वेळी? ‘दर वेळी’ म्हटले की पुढे तो आपोआप बसतो आणि इंटरनेट मिळाले की अद्ययावतही होतो. इथे बरेच जण फसतात. अद्ययावत होतो तो वरून बसवलेला प्लेअर. टेल्ससोबत आलेला प्लेअर मात्र टेल्सची नवी आवृत्ती घेतल्याशिवाय बदलत नाही. ती सूचना ‘नंतर बघू’ म्हणून बंद करणारा माणूस जुनेच भोक घेऊन फिरत असतो. आणि वरून बसवलेल्या प्रत्येक गोष्टीची टेल्सच्या मंडळींनी तपासणी केलेली नसते, तेव्हा गरजेपुरतेच बसवावे.

‘क्यूब्स’ या प्रणालीची तऱ्हा वेगळी आहे. जोआना रुतकोव्स्का या पोलिश संशोधिकेने सुरू केलेल्या या प्रणालीत एकाच संगणकाच्या अनेक बंद खोल्या होतात. बँकेची एक, कामाची एक, अनोळखी फायलींची आणखी एक. संसर्गजन्य रुग्णांचा वॉर्ड निराळा ठेवतात तसेच. प्लेअर खोलीत बसवत नाहीत, खोली ज्या साच्यावरून बनते त्या साच्यात बसवतात. नेहमीच्या खोलीत बसवला तर ती पुन्हा सुरू केल्यावर तो गायब होतो आणि नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. साचा अद्ययावत केला तरी चालू असलेल्या खोल्या जुन्याच साच्यावर चालत राहतात. साचा बंद करून खोल्या पुन्हा सुरू केल्या तरच औषध लागू पडते. फेडोराच्या साच्यात पेटंटच्या अडचणीमुळे काही व्हिडिओ चालतच नाहीत. त्यासाठी मूळ साच्यात भलते भांडार जोडण्यापेक्षा त्याची प्रत काढून तीत जोडावे, किंवा डेबियनचा साचा वापरावा. परक्याकडून आलेली फीत मात्र इंटरनेट तोडलेल्या, एकदाच वापरून फेकायच्या खोलीत पाहावी. डिस्पोजेबल सुई वापरतो तशी.

अद्ययावत करणे म्हणजे नुसता प्लेअर नवा करणे नव्हे, हे २०१९ मध्ये दिसले. जूनमध्ये व्हीएलसीने एकाच आवृत्तीत ३३ सुरक्षादोष दुरुस्त केले. युरोपीय संघाने दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे लावली होती, म्हणून ते एवढे सापडले. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने व्हीएलसीत गंभीर दोष असल्याचा इशारा दिला आणि जगभर ‘व्हीएलसी काढून टाका’ अशा बातम्या झाल्या. निघाले भलतेच. तक्रार करणाऱ्याच्या उबुंटूवर फाइल वाचणारे एक साहाय्यक ग्रंथालय जुने होते आणि त्यातला दोष वर्षभराहून अधिक काळापूर्वीच दुरुस्त झालेला होता. प्लेअर एकटा काम करत नाही, अशा डझनावारी ग्रंथालयांवर तो उभा असतो. म्हणून एकट्या व्हीएलसीचे नाव शोधून ते नवे करण्यापेक्षा सगळी यादी अद्ययावत करू द्यावी.

व्हीएलसीच्या संकेतस्थळाची आपल्याकडेही एक गोष्ट झाली. २०२२ च्या फेब्रुवारीपासून ते भारतात उघडेनासे झाले आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात विंडोजवर प्लेअर हवा असणाऱ्याला अधिकृत दार बंद, आणि शोधयंत्रात ‘फुकट डाउनलोड’ची भलतीच दारे सताड उघडी. लिनक्स वापरणाऱ्यांच्या हे लक्षातही आले नसेल. त्यांचा व्हीएलसी त्या संकेतस्थळावरून येतच नव्हता.