दांडीवरचे पोर, परदेशातला कायदा

बोदलकसा तलावाकडच्या वाटेवर सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून त्यावर पोराला बसवलेला बाप दिसला, की मला बरे वाटते. आणि धाकधूकही वाटते. कॅरिअरवर पाय लोंबकळत बसलेले मूल पाहिले, की पोटात गोळाच येतो. फिरत्या चाकात टाच सापडली, तर कातडी सोलवटते, कधी हाडही मोडते.

हा धोका जर्मन कायद्याने चक्क लिहून ठेवला आहे. तिथे ७ वर्षांखालच्या मुलाला खास आसनावरच न्यायचे, नेणारा किमान १६ वर्षांचा हवा आणि मुलाचे पाय स्पोकमध्ये जाणार नाहीत, अशी सोय सायकलला हवी. नातवंडांना भेटायला गेलेल्या आजोबांनी हौसेने दांडीवर घेतले, तर ते तिथे चालायचे नाही!

नेदरलँड्स म्हणजे सायकलींचे माहेरघर. तिथेही ८ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय यांना आधार देणारे आसन लागते. फ्रान्समध्ये मार्च २०१७ पासून १२ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचे आहे, मग ते मूल चालवणारे असो वा मागे बसलेले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर १९९० पासून मोठ्यांचीही त्यातून सुटका नाही. आपल्याकडे सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, त्यामुळे निघताना ते आठवतच नाही.

भाड्याने सायकल घेताना मुलाचे वय आणि वजन आधी सांगा. पट्टे स्वतः ओढून पाहा. आणि मूल आसनात असताना सायकल स्टँडवर लावून तिकीट काढायला जाऊ नका, ती कलंडते.