नावडते सूर आवडते कसे होतात?

पहिल्यांदा रटाळ वाटलेला विलंबित ख्याल काही महिने कानावर पडला की तोच श्रोता समेची वाट पाहू लागतो. कारण पुढचा सूर कोणता, याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. अनोळखी संगीतात तो बांधणे अवघड जाते. परिचयाने आवड वाढते, हे रॉबर्ट झायोंत्स यांनी १९६८ मध्ये दाखवले. आवडते संगीत ऐकताना उत्कट क्षणाच्या आधीच मेंदूत डोपामाइन स्रवते, असे मॉन्ट्रियलच्या संशोधकांना २०११ मध्ये आढळले.

नवे श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सुरुवातीला आवडती गाणीही कर्कश वाटू शकतात. म्हणून यंत्र कपाटात ठेवू नये. रोज थोडा वेळ, बेताच्या आवाजात ऐकावे. मेंदू हळूहळू जुळवून घेतो. त्रास कायम राहिला, तर तज्ज्ञाकडून यंत्र जुळवून घ्यावे.