खोगीर उतरलं, घोडा राहिला

जर्मन रणगाडा दलाचा गणवेश काळा आणि त्यावरची किनार गुलाबी असे. 24व्या पँझर डिव्हिजनच्या जवानांची किनार मात्र सोनेरी पिवळी होती, आणि हा रंग घोडदळाचा. इतर रणगाडा डिव्हिजनमध्ये कंपनी आणि कॅप्टन असत, तर यांच्याकडे 'श्वाड्रोन' आणि 'रिटमाइस्टर', हे शब्दही थेट पागेतून आलेले. डिव्हिजनचं चिन्ह होतं उडी घेणारा घोडेस्वार. या सगळ्यामागे एका घोडदळाच्या डिव्हिजनची जेमतेम दोन वर्षांची हकीकत आहे.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला 1 लाखाचं सैन्य ठेवायची मुभा दिली. त्यातल्या 10 डिव्हिजनपैकी 3 घोडदळाच्या होत्या. हिटलर आल्यावर ही घोडदळं मोडून त्यांतली माणसं नव्या रणगाडा दलांत आणि टेहळणी पथकांत वाटली गेली. गंमत अशी, की 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीची सहाच्या सहा सुवर्णपदकं जर्मनीने जिंकली आणि जिंकणारे स्वार लष्करातलेच होते. जगातले उत्तम स्वार ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे युद्ध सुरू होताना सैन्याची घोडदळ ब्रिगेड उरली होती एकच. तिचा तळ पूर्व प्रशियातल्या इन्स्टरबुर्गला होता. जवळच त्राकेनेनचा 1732 सालापासूनचा अश्वपैदास केंद्राचा पसारा होता, तेव्हा घोड्यांना तोटा नव्हता.

ही ब्रिगेड सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडमध्ये लढली. पोलिश स्वारांनी भाले रोखून रणगाड्यांवर चाल केली, ही दंतकथा त्याच महिन्यातली. प्रत्यक्षात क्रोयांटीजवळ त्यांनी पायदळावर हल्ला चढवला होता आणि नंतर आलेल्या चिलखती गाड्यांच्या माऱ्यात ते सापडले. 'घोड्यावरचे मागास पोल' हे चित्र रंगवणाऱ्या जर्मनांकडेही तेव्हा घोडदळ होतं, आणि त्या मोहिमेनंतर महिन्याभरात त्यांनी ते वाढवलं. ऑक्टोबरमध्ये ब्रिगेडची 1ली घोडदळ डिव्हिजन झाली. सेनापती होते कुर्ट फेल्ट.

मे 1940 मध्ये ती हॉलंडच्या उत्तर भागातून वेगाने पुढे सरकली आणि आफ्स्लाउटडाइकवर अडली. हा 32 किलोमीटर लांबीचा, सरळसोट बांध. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे एक रस्ता. घोडा असो वा माणूस, आडोसा कुठेच नाही. कोर्नवेर्डेरझांडच्या काँक्रीटच्या ठाण्यांमधले मूठभर डच सैनिक हटले नाहीत. डचांची एक गनबोट उथळ समुद्रातून जर्मन तोफांवर मारा करत होती. हॉलंडने शस्त्रं खाली ठेवली, तरी तो बांध लढून काही जिंकता आला नाही.

जूनमध्ये ल्वार नदीवर सोम्यूर आलं. फ्रान्सच्या घोडदळाचं शिक्षणकेंद्र तिथलंच. मार्शल पेतँ यांनी 17 जूनला लढाई थांबवायची भाषा केली होती, तरी शाळेतल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी तीन दिवस पूल राखले. एकीकडे घोडदळाची शाळा, दुसरीकडे घोडदळ, आणि लढाई मात्र मशीनगन, तोफा नि होड्यांची. फेल्टच्या माणसांनी पकडलेल्या पोरांना कैदेत न टाकता सन्मानाने जाऊ दिलं. या डिव्हिजनच्या आठवणी सांगणारे हाच प्रसंग आवर्जून सांगतात. मलाही तो आवडतो, पण पुढच्या वर्षी प्रीप्यातच्या दलदलीत जे घडलं त्यासमोर तो फार थिटा पडतो.

22 जून 1941. डिव्हिजन गुडेरियनच्या पँझर गटाच्या बाजूने सोव्हिएत हद्दीत शिरली. तिच्या वाट्याला प्रीप्यातच्या दलदलीची कड आली. रणगाडे जिथे रुतले असते तिथे घोडा निघून जाई, त्यामुळे बगल सांभाळायचं काम चोख झालं. याच दलदलीत त्याच उन्हाळ्यात दुसरं घोडदळही होतं, हेरमान फेगेलाइनची एसएस ब्रिगेड. जुलै-ऑगस्टमध्ये तिने तिथले हजारो ज्यू मारले. एसएसप्रमुख हिमलरचा हुकूम बायकांना दलदलीत हाकलायचा होता. तुकडी वेगळी आणि हुकूम देणारेही वेगळे, हे खरं. तरी घोड्यांच्या टापांचं कौतुक वाचताना त्या दलदलीत आणखी कोणाच्या टापा वाजत होत्या हे विसरता येत नाही.

नोव्हेंबरात डिव्हिजनला मायदेशी परत बोलावलं. तिथे रणगाडे मिळाले, घोडे दुसऱ्या दलांकडे गेले आणि नाव पडलं 24वी पँझर डिव्हिजन. घोडा जुना झाला म्हणून हे केलं, असा सरळ हिशोब मांडता येत नाही. सोव्हिएत मोहिमेत जर्मनीने 6 लाखांहून अधिक घोडे नेले होते. पायदळाच्या तोफा, रसद, जखमींच्या गाड्या ओढणारे तेच. त्यांना रोज चंदी लागे, वैरण लागे, आणि रशियाच्या थंडीत ते हजारोंनी पडत. स्वार तेवढे रणगाड्यात चढले; सैन्य घोड्यावरच राहिलं.

1942च्या उन्हाळ्यात ही डिव्हिजन व्होरोनेझमार्गे स्टालिनग्राडला पोचली. शहराच्या दक्षिणेकडून आत शिरली, मग कारखान्यांच्या भागात भिंतीभिंतीसाठी लढली. नोव्हेंबरात वेढा पडला. ही डिव्हिजन ज्यात होती त्या जर्मन सहाव्या सैन्याने आपले बरेच घोडे चाऱ्यासाठी आधीच दूर मागे पाठवले होते, त्यामुळे वेढ्यातल्या तोफा हलवायला जनावरं नव्हती. जी उरली होती ती कापून खाल्ली गेली. सोनेरी किनारीच्या माणसांनी त्या मांसाकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल, मला सांगता येणार नाही. 2 फेब्रुवारी 1943 ला त्यांचे सेनापती आर्नो फोन लेन्स्की कैदेत गेले. नाझी 'लोकन्यायालया'त मानद न्यायाधीश म्हणून बसलेले हे गृहस्थ पुढे पूर्व जर्मनीच्या सैन्यात जनरल झाले.

फ्रान्समध्ये डिव्हिजन पुन्हा उभी केली. इकडे घोडदळ मोडण्याची घाई झाल्याचं ध्यानात आलं होतं. गेओर्ग फोन ब्योसेलागर यांनी 1943 मध्ये मध्य आघाडीवर नवी घोडदळ रेजिमेंट उभारली. त्यांचे भाऊ फिलिप यांनी हिटलरवरच्या हल्ल्यासाठी स्फोटकं पुरवली, आणि 20 जुलै 1944 च्या कटासाठी रेजिमेंटचे शेकडो स्वार विमानतळाकडे निघालेही होते. बॉम्ब फुटला, हिटलर वाचला, आणि स्वारांना अर्ध्या वाटेतून मागे वळावं लागलं.

24वी पँझर 1945 च्या हिवाळ्यात फिरून पूर्व प्रशियात आली, म्हणजे जिथे तिचा जन्म झाला त्याच मुलखात. त्राकेनेनचे घोडे तोवर पश्चिमेकडे हाकलले गेले होते. हाइलिगेनबाइलजवळच्या वेढ्यात डिव्हिजनचे उरलेसुरले रणगाडे लढत असताना पाठीमागे गोठलेल्या फ्रिशेस हाफ या खाडीवरून निर्वासितांची रांग लागली होती. सोव्हिएत विमानं बर्फावर बॉम्ब टाकत, बर्फ फुटे आणि गाडी पाण्यात जाई. त्या गाड्या घोडेच ओढत होते.