काठावरून नदीचे माप

पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे आणि समोर दक्षिण काठावर बार्देशातील शिवोली. आता या दोन गावांमध्ये पूल झाला आहे; पूर्वी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पाण्यात पाऊल न टाकता, चोपड्याच्या काठावरूनच नदीची रुंदी सांगता येईल काय? येईल, आणि त्यासाठी शालेय भूमितीतील एकच सिद्धान्त पुरेसा आहे. तो म्हणजे त्रिकोणाच्या बाह्यकोनाचा.

बाह्यकोन म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. त्रिकोणाची एक बाजू एका टोकाकडून सरळ पुढे वाढवावी. वाढवलेला भाग आणि त्याच शिरोबिंदूतून निघणारी दुसरी बाजू यांच्यामधील कोन तो बाह्यकोन. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘बाह्य’ या शब्दाने फसतात आणि ३६० अंशांतून आंतरकोन वजा करतात. आंतरकोन ७० अंशांचा असेल तर बाह्यकोन २९० अंशांचा नव्हे, ११० अंशांचा. कारण ते दोन कोन एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी असतात आणि त्यांची बेरीज १८० अंश होते. त्रिकोणाच्या तिन्ही आंतरकोनांची बेरीजही १८० अंशच. तेव्हा उरलेले जे दोन दूरचे आंतरकोन, त्यांची बेरीज बाह्यकोनाएवढी असलीच पाहिजे. युक्लिडच्या भूमितीत पहिल्या पुस्तकातील ३२ वा सिद्धान्त हाच. तो मात्र समांतर रेषा काढून बाह्यकोन आधी सिद्ध करतो आणि त्यावरून १८० अंशांवर येतो. आपण उलट वाटेने आलो एवढेच.

आता काठावर येऊ. कंपासपेटीतील ४५ अंशांचा गुण्या हाती घ्यावा. पलीकडच्या काठावरील एखादा ठळक माड हेरावा. आपल्या काठाची रेषा आणि माडाची दिशा यांत बरोबर ४५ अंशांचा कोन होईल अशा जागी खुंटी ठोकावी. मग काठाने सरळ चालत राहावे. माड जसजसा बाजूला येतो तसतसा कोन वाढतो. तो ९० अंश झाला की थांबावे. हा ९० अंशांचा कोन आपल्या त्रिकोणाचा बाह्यकोन. त्यातून खुंटीजवळचे ४५ गेले, म्हणजे माडाजवळचा कोनही ४५ अंशांचाच राहिला. दोन कोन समान, म्हणून त्यांच्यासमोरच्या बाजूही समान. जेवढे आपण चाललो तेवढाच माड दूर.

काठाचा भाग मात्र सरळ निवडावा. खुंटीजवळ एका अंशाची चूक झाली, तर २०० मीटरांच्या मापात सुमारे ७ मीटरांचा फरक पडतो. शिवाय येथे भरती-ओहोटीचे पाणी चढते-उतरते. मापाबरोबर वेळही लिहून ठेवलेली बरी.

हीच युक्ती दर्यावर्दी फार काळ वापरीत आले आहेत, आणि तेथे प्रश्न कुतूहलाचा नसून जिवाचा असतो. समजा, एक होडी किनाऱ्याला धरून उत्तरेकडे चालली आहे आणि नदीमुखाजवळच्या टेकडीवरील शापोऱ्याचा किल्ला नाळेच्या रेषेपासून उजवीकडे ३० अंशांवर दिसतो. दिशा न बदलता ३ किलोमीटर गेल्यावर तो ६० अंशांवर आला. बाह्यकोन दुप्पट झाला. तेव्हा त्या क्षणी किल्ला ३ किलोमीटरांवर आहे. तो थेट बाजूला येईल तेव्हा अंतर सुमारे २.६ किलोमीटर राहील, हेही आधीच कळते. ४५ आणि ९० या जोडीत अंतर कळेपर्यंत किल्ला बाजूला आलेला असतो. खडक चुकवायचा असेल तर ३० आणि ६० हीच जोडी बरी.

यात एक मेख आहे. कापलेले अंतर नुसत्या वेगावरून धरले, तर प्रवाहाचा हिशेब राहून जातो. पाण्याची ओढ समोरून असेल, तर तांडेल ३ किलोमीटर आलो असे समजतो आणि होडी प्रत्यक्षात अडीचच आलेली असते. मग किल्लाही अडीचच किलोमीटरांवर असतो, आणि त्याखालचे खडकही त्याच्या समजुतीहून जवळ.