जलतापक, घरगुती
स्नान, धुणे, भांडी इ. कामांसाठी लागणारे पाणी घरी तापविण्याचे साधन. चुलीवरचा हंडा, तांब्याचा बंब, विजेचा, गॅसचा व सौर जलतापक हे त्याचे महाराष्ट्रात रूढ असलेले प्रकार होत. साधनाची किंमत एकदाच द्यावी लागते, इंधन मात्र रोज लागते. म्हणून तुलना मुख्यतः चालविण्याच्या खर्चाची करावी लागते.

१ लि. पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास सुमारे १ किलोकॅलरी उष्णता लागते. एका कुटुंबाच्या स्नानाचे १०० लि. पाणी २०° से. पासून ४५° से. पर्यंत तापविण्यास २,५०० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या सुमारे २.९ युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. साधन बदलल्याने ही राशी बदलत नाही. वाया जाणारी उष्णता तेवढी बदलते. पाणी कढत करून त्यात विसण घालण्याच्या रीतीत भांडे अधिक तापते व ही हानी वाढते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर व त्याच्या आसपासच्या कोरडवाहू भागात तुरीच्या काड्या व बाभळीचे सरपण हे ओळखीचे जळण आहे. कोरड्या लाकडाचे कॅलरीमान किलोग्रॅमला ३,५०० किलोकॅलरी व उघड्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के धरल्यास वरील पाण्यास ७ किग्रॅ. जळण लागते. बंबात ज्वाला मधल्या नळीतून वर जाते व पाणी तिच्या भोवती असते. त्याची कार्यक्षमता ३५ टक्के धरल्यास २ किग्रॅ. पुरते. हे जळण फुकटचे समजले जाते, ते केवळ ते गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचा व डोळ्यांत जाणाऱ्या धुराचा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅस घरात आला, तरी तो स्वयंपाकापुरता राखून स्नानाचे पाणी चुलीवर ठेवणारी घरे पुष्कळ आहेत.

गॅस व वीज यांची तुलना सोपी आहे. १४.२ किग्रॅ. च्या सिलिंडरमधून, तापकाची कार्यक्षमता ८० टक्के धरता, वरील कुटुंबाची सुमारे ५० दिवसांची गरज भागते. साठवणीच्या विद्युत् तापकाची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास त्याच कामास सुमारे १६० युनिटे लागतात. सिलिंडरच्या किंमतीस १६० ने भागून येणारा आकडा युनिटच्या दरापेक्षा मोठा असेल, तर वीज स्वस्त. वीज आकारणी टप्प्याटप्प्याने चढत असल्याने येथे देयकातील सरासरी दर घेणे चूक ठरते. वाढीव युनिटे ज्या टप्प्यात पडतात त्याचा दर घ्यावा. गॅसचा तापक बंद न्हाणीघरात लावू नये. हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निर्माण होतो.

सौर जलतापकास इंधन लागत नाही. १०० लि. च्या संचास साधारणतः २ चौ. मी. संग्राहक पुरतो. मराठवाड्यात ऊन पाण्याची गरज हिवाळ्यात सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच आकाश निरभ्र असते. ही जुळणी सर्वत्र आढळत नाही. सास्तूर सुमारे १८° उ. अक्षांशावर असल्याने संग्राहक दक्षिणाभिमुख व ३०° च्या आसपास कललेला ठेवणे हिवाळ्यास सोयीचे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात या परिसरातील दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून मोठी प्राणहानी झाली. भरलेल्या १०० लि. टाकीतील पाण्याचेच वजन १०० किग्रॅ. असते, म्हणून तिचा सांगाडा पक्क्या छतास खिळबोल्टांनी जखडणे येथे अत्यावश्यक होय.

सौर संचाचा खरा खर्च जड पाण्याचा. विंधन विहिरीचे पाणी जड असल्यास तापविताना कॅल्शियम कार्बोनेटाचा थर नळ्यांत साचतो, पाणी कोमट येऊ लागते व सौम्य अम्लाने नळ्या धुवाव्या लागतात. ढगाळ दिवसांसाठी टाकीत बसविलेला विद्युत् तापक बाराही महिने चालू ठेवला, तर सूर्याने करावयाचे काम वीज पहाटेच उरकते. तो पावसाळ्यानंतर बंद करावा.